काट्याचा चेहरा

रावसो म्हेत्र्यांना पहिला दगड लागला तो एका बुधवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. वैजयंती टॉकीजचा तीनचा खेळ नुकताच सुटला होता आणि रावसो समोरच्या गाड्यावर कांदे निवडत उभे होते. बाहेर पडणाऱ्या गर्दीतला एक जण थबकला, त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला आणि ओरडला, "अरे, ह्यो बघा! ह्यो हितं उभा हाय!"

दगड कानशिलावर बसला. रावसो मटकन खाली बसले. दुसरा दगड कांद्यांच्या ढिगात पडला. गाडेवाल्याने दोन किलोचं वजन उगारलं म्हणून पुढचं टळलं.

त्यांची मुलगी शर्वरी कोल्हापुरात राहायची. तिला त्यांनी यातलं काही कळवलं नाही. कळवलं शेजारच्या शेवंताकाकूंनी, दुसऱ्या दिवशी सकाळी, फोनवर.

"पोरी, तुझ्या बापाला टॉकीजमधी दावत्यात."

"म्हणजे? काय दाखवतात?"

"तुझा त्यो राक्षस न्हाई का, काटा? त्याला तुझ्या बापाचं तोंड लावलंय. काल दगड मारला गं कुणीतरी. चार टाके पडल्यात."

शर्वरीने हातातला ब्रश पाण्यात तसाच सोडला आणि निघाली.

काटा तिचाच होता. 'तांबडा काटा' हे तिचं चित्रपुस्तक सात वर्षांपूर्वी, २०३६ साली निघालं आणि महाराष्ट्रभर वाचलं गेलं. त्यातला खलनायक काटा हा बॉयलरवर काम करणारा माणूस. त्याला चेहराच नव्हता. मानेवर वाफेचा दाब दाखवणारी एक गोल तबकडी, काच लावलेली, आणि तिच्यात एक काटा. त्याला राग येऊ लागला की काटा सरकायचा. तांबड्या रेघेच्या पुढे गेला की त्याच्या तळहातांतून वाफ सुटायची आणि समोरचा माणूस उभ्या उभ्या सोलून निघायचा. त्याची उगमकथा अशी होती: कारखान्याचा मालक जास्त माल काढण्यासाठी बॉयलरची सुरक्षाझडप तारेने आवळून ठेवतो, बॉयलर फुटतो, माणसं मरतात आणि त्या वाफेतून काटा चालत बाहेर येतो.

ही कथा तिने हवेतून आणली नव्हती. २०२९ साली रेंदवाडीत हेरवाडे सायझिंगचा बॉयलर खरोखरच फुटला होता. सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावून वाफेवर वाळवण्याचा कारखाना. पत्र्याची शेड उडून शेजारच्या उसात पडली. आतले नऊ जण गेले. त्यांतल्या काहींची ओळख हातातल्या कड्यावरून पटवावी लागली. बॉयलर सांभाळणारे रावसो त्या वेळी तंबाखू आणायला बाहेर गेले होते. त्या पाळीतले जिवंत राहिलेले ते एकटेच. मालक पद्मराज हेरवाडे अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्या दिवशी गावात नव्हता. खटला पाच वर्षं चालला, पुराव्याअभावी दोघेही सुटले. कोर्टाने सोडलं, पण गावाने रावसोंना सोडलं नाही. नऊ मेले आणि बॉयलरवाला तेवढा वाचतो कसा, एवढा एकच प्रश्न गाव चौदा वर्षं चघळत होतं.

म्हणूनच शर्वरीने काट्याला चेहरा दिला नव्हता. चेहरा दिला असता तर गाव त्यात कुणाला तरी शोधत बसलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

पुस्तकावरून पहिला सिनेमा निघाला तेव्हा मुंबईचे निर्माते म्हणाले, "तबकडीला कोण घाबरणार?" त्यांनी काट्याला एका देखण्या नटाचा अर्धा भाजलेला चेहरा दिला, घोट्यापर्यंत कातडी कोट दिला. बॉयलरवाल्याचा त्यांनी शास्त्रज्ञ केला आणि त्याला एक मेलेली प्रेयसीही दिली. शर्वरी थिएटरात बसून मनसोक्त हसली होती. दुसऱ्या सिनेमाच्या करारात एक कलम होतं: 'खलपात्राचे रूप व उगमकथा यांत प्रेक्षकांनुसार बदल करण्याचा अधिकार निर्मात्यांकडे राहील.' पहिल्यात कोट चढवला, आता फार तर शिंगं लावतील, असं म्हणून तिने सही करून टाकली होती.

आता तो दुसरा सिनेमा रेंदवाडीत तीन आठवडे चालू होता. ती बसस्थानकावरून घरी न जाता सरळ तीनच्या खेळाला जाऊन बसली.

खुर्च्यांच्या हातांवर चंदेरी पट्ट्या होत्या. पडद्याखाली लहान लहान काळी भिंगं ओळीने बसवलेली होती. अर्धा तास काटा नुसता सावलीत दिसत होता. मग तो उजेडात आला.

डावी पापणी अर्धी मिटलेली. खालच्या ओठात तंबाखूची गोळी धरल्यावर येतो तसा फुगवटा. उजव्या कानाची पाळी कडेला किंचित फाटलेली. हा चेहरा तिने लहानपणापासून जेवताना समोर पाहिला होता.

पडद्यावर तिच्या आप्पांनी एका कामगाराला केस धरून फरपटत नेलं, वाफेच्या नळीपुढे त्याचं तोंड धरलं आणि चावी फिरवली. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी त्याची कातडी निघाली. टॉकीजमध्ये किंकाळी उठली. मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, "मेल्या, नऊ जणांना खाल्लंस!"

सिनेमात काट्याने तोवर तिघांनाच मारलं होतं. नऊचा आकडा सिनेमातला नव्हता.

मग उगमकथा आली. तीही बदलली होती. यात मालक नव्हताच. डाव्या डोळ्याने अर्धवट पाहणारा तो माणूस स्वतःच झडपेला तार आवळतो, आतल्या माणसांकडे पाहून हसतो, बाहेरून कडी लावतो आणि पानाच्या टपरीवर जाऊन हात पुढे करतो. त्याच्या मागे शेड आकाशात उडते.

ती घरी पोचली तेव्हा रावसो चुलीपुढे बसून भात शिजायची वाट बघत होते. डोक्याला पट्टी होती.

"काय झालं आप्पा?"

"पडलो न्हाणीत."

तिने पट्टी जवळून पाहिली. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "बघून आलीस व्हय? बरा काढलाय का?"

सिनेमातले चेहरे बनवणारं यंत्र सांभाळणारा ईशान टिपणीस पुण्यात भेटला. तिशीतला, सतत चष्मा पुसणारा माणूस. तिने वडिलांचा फोटो त्याच्यापुढे टाकला. त्याने तो पाहिला आणि खुर्चीतून उठून खोलीचं दार लावलं.

"आम्ही यांना कधी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "आमच्या यंत्रानेही नाही. खरं सांगतो."

"मग हे तिथं कसे?"

"यंत्राचं नाव बहुरूपी. ते चेहरा म्हणजे सुमारे तीनशे आकडे धरतं. दोन डोळ्यांतलं अंतर एक आकडा, पापणीचा उतार एक, असं. सुरुवातीला आम्ही त्याला एक साधा, कुणाचाच नसलेला चेहरा देतो. मग प्रत्येक दृश्यात ते एखादा आकडा केसभर हलवतं. खुर्चीतली पट्टी हाताचा घाम आणि नाडी मोजते, भिंगं डोळ्यांच्या बाहुल्या मोजतात. बाहुली पसरली, घाम वाढला, म्हणजे भीती वाढली. तो बदल ठेवायचा. भीती उतरली की बदल टाकायचा. पुढचा खेळ तिथून पुढे. दाट धुक्यात डोंगर चढणारा माणूस कसा चढतो? त्याला शिखर दिसत नाही. तो फक्त पाय चाचपतो आणि जिकडे चढ लागेल तिकडे पाऊल टाकतो. शेवटी शिखरावर पोचतोच."

"आणि गोष्ट?"

"गोष्टही तशीच. दार कुणी लावलं, तार कुणी बांधली, हेही आकडेच. लोकांना जे आधीपासून खरं वाटत असतं त्याचीच त्यांना जास्त भीती वाटते. यंत्र आपोआप तिथे जातं."

"म्हणजे रेंदवाडीतलं सगळ्यात उंच शिखर म्हणजे माझे आप्पा."

तो खाली पाहत म्हणाला, "दोनशे खुर्च्या, दिवसाला चार खेळ, एकवीस दिवस. इतर गावांतही असंच काहीतरी होत असणार. एका गावात काटा बाई झालाय. कोण आहे ती, आम्हाला ठाऊक नाही."

"बंद करा तो सिनेमा तिथला."

"माझ्या हातात नाही. वरच्यांना रेंदवाडी फार आवडते. भीतीचा असा आलेख दुसरीकडे कुठे नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मी एक करू शकतो. खुंटी ठोकू शकतो. एक चेहरा ठरवून द्यायचा, म्हणजे यंत्र त्याच्या आसपास फिरतं. तुमच्या पुस्तकातली तबकडीच ठोकतो. वरच्यांना कळणार नाही."

शनिवारी पहिल्या खेळाला रेंदवाडीच्या पडद्यावर तबकडी आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. तिसऱ्या खेळापर्यंत तबकडीच्या काचेमागे कसलीशी सावली दिसू लागली होती. रविवारी दुपारी काच तडकली आणि तिच्यातून अर्धी मिटलेली डावी पापणी बाहेर आली.

त्याच रविवारी आठवड्याचा बाजार होता. शर्वरी वडिलांबरोबर चालत होती. त्यांनी घरात बसावं म्हणून तिने खूप सांगून पाहिलं होतं, पण ते म्हणाले, "घरात बसलो की गावाला खरं वाटंल."

भांड्यांच्या दुकानापाशी सात-आठ जण आडवे आले. दोघांच्या हातात गज होते, एकाकडे मागाचा जुना धोटा होता, लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी टोपण असलेला. त्या धोटेवाल्याचा थोरला भाऊ त्या नऊ जणांत गेला होता.

"तार आवळलीस आणि हसलास व्हय रं?" तो म्हणाला.

"कुणी सांगितलं तुला?" शर्वरी मध्ये पडली.

"सांगायचं काय त्यात? डोळ्यांनी बघितलंय! टॉकीजमधी सगळं दावलंय!"

धोट्याचं टोक रावसोंच्या बरगडीत गेलं. तिला तो आवाज ऐकू आला, वाळकी काटकी मोडावी तसा. ते पडले तेव्हा एकाने त्यांचा उजवा हात रस्त्यावर पसरून धरला आणि दुसऱ्याने गज मारला. एकदा, दोनदा, पाचदा. बाजारातली माणसं गोल करून उभी होती. कुणी पुढे आलं नाही. काहींनी फोन वर धरले होते.

शर्वरीने काय केलं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवलं. तिने धोटेवाल्याच्या मनगटाचा चावा घेतला. तो सुटला तेव्हा तिच्या हाताला गटाराच्या कडेची वीट लागली होती. वीट त्याच्या तोंडावर बसली. दात तुटताना विटेतून हातापर्यंत एक झिणझिणी आली. तिने पुन्हा मारलं. तो खाली पडल्यावरही तिने मारलं. लोकांनी तिला मागे ओढलं, आणि ओढताना कुणीतरी म्हणालं, "बापाचंच रगत की."

मिरजेच्या दवाखान्यात रावसोंच्या हाताच्या सात हाडांना धातूच्या पट्ट्या बसवल्या. तीन बरगड्या मोडल्या होत्या. अंगठा पुन्हा वळेल की नाही, डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. शर्वरी व्हरांड्यात बसून स्वतःच्या नखांतलं रक्त काढत होती तेव्हा ईशानचा फोन आला.

"मी बातमी पाहिली," तो म्हणाला. "मी... काय बोलू कळत नाही. तबकडी चालली नाही. ती सपाट जमीन आहे. यंत्र तिथून उतरतं आणि आधीच्याच शिखरावर जातं. दुसरं तेवढंच उंच शिखर दाखवलं तरच ते तिकडे राहील. पण त्याला त्या गावाच्या मनातलाच चेहरा लागेल, आणि तो मी कुठून आणू?"

शर्वरीने व्हरांड्यातून आत, वडिलांच्या खाटेकडे पाहिलं.

"फोटो पाठवते," ती म्हणाली. "आणि उगमकथा माझ्या पुस्तकातली ठेवा. मालक तार आवळतो, ती."

"फोटो कुणाचा?"

"कुणाचा नाही. मीच काढलाय, चित्र आहे."

तिने पाठवला तो पद्मराज हेरवाडेचा फोटो होता. यंत्रमाग संघाच्या सत्कारातला, गळ्यात हार, सोनेरी काड्यांचा चष्मा. फोटोतला हार तिने आधी खोडला. ईशानने परत विचारलं नाही. ते चित्र नाही हे कुणालाही कळलं असतं.

पाचव्या दिवशी ती पुन्हा तीनच्या खेळाला गेली. पडद्यावर काटा वळला. जाड मान, आखूड कपाळ, सोनेरी काड्या. थिएटरात कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला, ह्यो तर पदमू!" ती कुजबुज रांगांमधून पसरत गेली. पदमूने तार आवळली. पदमूने घड्याळ पाहिलं आणि गाडीत बसून निघून गेला. वाफ उठली. लोक उभे राहून शिव्या देऊ लागले.

शर्वरीचे तळहात घामाने भिजले होते. तिने ते पट्टीवर तसेच दाबून ठेवले. यंत्राने तेही मोजलं असणार. तिच्या छातीत जे चाललं होतं त्याला भीती म्हणता आलं नसतं, पण घाम तोच, नाडी तीच. यंत्राला त्यातला फरक कळत नव्हता.

रावसोंना घरी आणलं त्या दिवशी दोन शेजारणी दूध घेऊन आल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी, बाजारातल्या त्या गोलात उभा असलेला एक म्हातारा आला, पायांना हात लावून म्हणाला, "रावसो, चुकलो गा. आम्हाला काय ठावं, ह्यो डाव त्याचा हुता म्हून."

"कुणाचा डाव?" रावसोंनी विचारलं.

"हेरवाड्याचा. समदं कळलं आता."

रावसोंनी मुलीकडे पाहिलं. ती दूध तापवायला आत गेली.

मंगळवारी सकाळी दहा वाजता, पाळी बदलताना, पद्मराज हेरवाडेला त्याच्याच सायझिंगच्या फाटकात गाठलं. तीसेक माणसं होती. त्यांतले काही त्याचेच कामगार होते. चष्मा पहिल्याच फटक्याला पडला. त्याला केस धरून बॉयलरपर्यंत फरपटत नेलं, सिनेमात दाखवलं होतं तसंच, डाव्या हाताने केस आणि उजव्या हाताने पट्टा. एकाने वाफेच्या नळीपुढे त्याचं तोंड धरलं. दुसऱ्याने चावी फिरवली. त्याची बायको त्रिशला डबा घेऊन आली होती. तिला दोघांनी दंडाला धरून उभी केली आणि बघायला लावलं.

तो दुपारी तीनला गेला. शुद्ध शेवटपर्यंत होती, असं दवाखान्यातून आलेले लोक सांगत होते.

पोलिसांनी अकरा जणांना धरलं. "पिक्चरमधी दावलंय," एवढंच ते सांगत राहिले. कंपनीने पत्रक काढलं: चेहरा कुणी निवडलेला नाही, प्रेक्षकांच्या प्रतिसादातून तो आपोआप घडला आहे. रेंदवाडीतले खेळ थांबले. खुंटीची नोंद ईशानने पुसून टाकली आणि फोनवर एकच वाक्य बोलला, "तुम्हीही विसरून जा." शर्वरीला कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं कुणाला काही दिसतच नव्हतं.

बुधवारी सकाळी ती वडिलांना चमच्याने आमटी भरवत होती. बातमी घरात येऊन गेली होती, तरी त्यावर दोघंही बोलले नव्हते.

"आप्पा, सुटलात तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

त्यांनी चमचा डाव्या हाताने बाजूला सारला. "त्याचं तोंड तिथं कसं गेलं?"

"यंत्राने काढलं."

"माझं यंत्रानं काढलं. त्याचं कुणी काढलं, ते इचारतोय."

तिने सांगितलं. सगळं. फोटो, खोडलेला हार, "कुणाचा नाही" हे उत्तर. सांगताना ती त्यांच्या प्लॅस्टर केलेल्या हाताकडे बघत होती.

रावसोंनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "दार लाव."

तिने लावलं.

"तार पदमूनं बांधली न्हवती," ते म्हणाले. "झडप सारखी फुसफुसायची. दाब टिकायचा न्हाई, सूत वलं ऱ्हायचं, आन पाळी संपायची न्हाई. पदमूनं आदल्या दिशी निरोप धाडलेला, मिस्त्री येस्तवर बॉयलर बंद ठेवा. मजुरी बुडवून बंद कुणी ठेवायचा? तार मल्लूनं आवळली."

मल्लू म्हणजे शेवंताकाकूंचा नवरा. नऊ जणांतला एक. चौकात मेलेल्यांच्या नावांचा फलक होता, त्यावर त्याचं नाव सगळ्यात वर होतं. त्याच काकू रोज सकाळी भिंतीवरून रावसोंना भाकरी देत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्या तार बघितली हुती, पोरी. ह्या डोळ्यानं. म्हटलं, मल्लू, काढ ती. त्यो म्हणला, दहा मिंटं, एवढा सुताचा बीम भरू दे. मग म्या काय केलं? तंबाखू आणाया गेलो." त्यांचा श्वास बरगड्यांत अडकत होता. "मेलेल्या माणसावर काय घालायचं? बायको शेजारी. कोर्टात म्या गप. पदमूलाबी ठावं हुतं, मिस्त्र्यानं मागनं ढिगाऱ्यातली तार बघून सांगितलं हुतं त्याला. त्योबी गप बसला. का, ते म्या कधी इचारलं न्हाई. आमी दोघं वाटंत भेटलो की मान खाली घालून जायचो, बस."

"मला का नाही सांगितलंत? मी पुस्तक काढलं, त्यात मालकाने..."

"ते पुस्तक हुतं. त्यात कुणाचं तोंड न्हवतं."

शेजारून भिंतीवर टकटक झाली. काकूंच्या भाकरीची वेळ होती. रावसो म्हणाले, "तू घे जाऊन. आन तिला काय बोलू नगंस."

शर्वरीने भाकरी घेतली, वडिलांना कुस्करून दिली, भांडी घासली. मग अंगावरचे कपडे न बदलता ती हेरवाड्यांच्या बंगल्याकडे चालत गेली. फाटकात एक पोलीस बसला होता. तिने नाव सांगितल्यावर त्याने आत जाऊन विचारलं आणि आश्चर्याने तिला सोडलं.

त्रिशला हेरवाडे एकटीच बाहेरच्या खोलीत बसली होती. दोन्ही दंडांवर बोटांचे काळेनिळे वळ होते. दिवाणावर पद्मराजचे इस्त्रीचे कपडे घड्या घालून ठेवले होते. कुणाला तरी द्यायचे असावेत.

"तुमच्या वडिलांना मारलं त्या दिवशी हे म्हणाले होते," त्रिशला म्हणाली, "रावसोला भेटून यायला पाहिजे. निघालेही होते. मीच नको म्हटलं. तुम्ही त्यांच्याकडून आलात का?"

"नाही. माझ्याकडून आले." शर्वरी उभीच राहिली. "वहिनी, पडद्यावर त्यांचा चेहरा यंत्राने आणला नाही. तो फोटो मी पाठवला होता."

त्रिशलाला पहिल्यांदा कळलं नाही. तिने "काय?" म्हणून विचारलं. शर्वरीने पुन्हा सांगितलं. त्रिशला उठली, जवळ आली आणि तिच्या तोंडात मारली. एकदा. जोरात. ओठ फुटला. शर्वरीने हात वर केला नाही. बाहेरचा पोलीस दारात आला, तेव्हा त्रिशला त्याला म्हणाली, "काही नाही. तुम्ही बाहेर बसा."

ती शर्वरीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"त्या सगळ्यांची तोंडं मी बघितलीत," ती म्हणाली. "तीसच्या तीस. डोळे मिटले तरी एकामागून एक येतात. त्यांत तुमचं नव्हतं. आता तुमचंही येईल."

त्रिशलाने दार लोटून घेतलं.

"हे कुणाला ठाऊक आहे?"

"आप्पांना. आणि पुण्यातल्या एकाला. त्याने नोंद पुसलीय. मी सांगितलं नाही तर कुणाला कधी कळणार नाही."

"मग का सांगितलंत?"

शर्वरीच्या ओठातलं रक्त हनुवटीवर आलं होतं. त्रिशलाने ते पुसायला काही दिलं नाही. आतून एक वही आणि पेन आणलं आणि तिच्यासमोर टीपॉयवर ठेवलं.

"लिहून द्या. आत्ता, माझ्यासमोर. खाली सही, तारीख. मी ते तपास करणाऱ्या साहेबांना देणार आहे. तुम्हाला काय होईल ते होईल."

शर्वरी खाली जमिनीवर बसली. वही ओढून घेतली. तिने लिहायला सुरुवात केली: 'सन २०२९ मध्ये रेंदवाडी येथील हेरवाडे सायझिंगचा बॉयलर फुटून नऊ जण मरण पावले. माझे वडील तेथे...'

त्रिशला वाकून वाचत होती. तिने पेनावर बोट ठेवलं.

"हे नको," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांचं नको, बॉयलरचं नको. ते गाव चौदा वर्षं सांगतंय, सिनेमावाल्यांनी सांगितलं, तुमच्या पुस्तकात तुम्ही सांगितलंत. तुम्ही काय केलंत, तिथून सुरू करा."

शर्वरीने त्या दोन ओळी खोडल्या. पान उलटलं. मग कोऱ्या पानावर, वरच्या पहिल्या ओळीवर, तिने लिहिलं: 'फोटो मी पाठवला.'